टेपची शेपटी

त्या गुरुवारी सकाळी मी गाडी सुरू केली, हवेचं बटण फिरवलं आणि काहीच झालं नाही. एरवी पहिल्या आकड्यावर डॅशबोर्डच्या आतून बारीक घरघर येते आणि चौथ्यावर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आता पहिल्यावरही शांतता आणि चौथ्यावरही. मी हातमोजा काढून जाळीपुढे तळहात धरला. हवेची साधी झुळूक नाही. आधी मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं फिरवतोय. बटण दोन-तीनदा मागे-पुढे केलं. मग वाटलं, परवा मी ते चालूच ठेवून गाडी बंद केली असेन आणि त्यामुळे आत काही जळलं असेल. असं कधी होतं का, मला माहीत नाही. पण एखादी वस्तू बिघडली की ती माझ्याच हातून बिघडली असणार, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

गाडी आतून उबदार होती. आमच्याकडे हिवाळ्यात सगळेच रात्री गाडीची वायर अंगणातल्या खांबाला जोडून ठेवतात. त्यावर इंजिन गरम राहतं आणि पायाशी ठेवलेला छोटा हीटर काचेवर बर्फ धरू देत नाही. माझ्या हीटरचा सॉकेट मंगळवारीच शेजारच्या कौकोने बदलून दिला होता. त्यामुळे काच स्वच्छ होती. मी जिला दर गुरुवारी पुस्तक वाचून दाखवतो ती आर्मी वाट बघत असणार, म्हणून मी निघालो.

पण बाहेर उणे बावीस होतं, आणि वायर काढली की तो हीटर बंद पडतो. तळ्याकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्याच श्वासाने काच धूसर झाली. बाहीने पुसली, तर पुसलेल्या जागी बर्फाची साय धरली. पहिल्या वळणावर मला रस्ता दिसतच नव्हता, तो कुठे असायला हवा एवढंच आठवत होतं. उजवं चाक बर्फाच्या ढिगात घुसलं तेव्हा थांबलो. परत येताना खिडकी उघडून, डोकं बाहेर काढून गाडी चालवली. कान दिवसभर ठणकत राहिले.

घरी येऊन आर्मीला फोन केला.

"आज जमणार नाही. गाडीत हवा येत नाही."

"म्हणजे त्या मधल्या मुलीने होडी नेली की नाही, ते मला पुढच्या गुरुवारपर्यंत कळणार नाही?"

"हवं तर फोनवर वाचतो."

"फोनवर नको. फोनवर तुमचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा येतो. कोणीतरी मेल्यासारखं वाटतं."

आर्मी शाळेत विणकाम शिकवायची. मी गावच्या वाचनालयात होतो, आणि ती माझ्याकडून पुस्तकं न्यायची. पुढे तिची नजर जवळजवळ गेली. मीही तोवर निवृत्त झालो होतो. एकदा धीर करून तिला म्हणालो, हवं तर मी वाचून दाखवीन. तेव्हापासून सात वर्षं, दर गुरुवारी. ती तळ्याच्या पलीकडे राहते आणि तिकडे बस जात नाही. सध्या दीपगृहाच्या रखवालदाराच्या तीन मुलींची एक जाडजूड कादंबरी चालू होती. तिने मला खूण ठेवायला लाल-निळी पट्टी विणून दिली होती. आम्ही एकमेकांना तुम्हीच म्हणायचो. त्यापलीकडे आमच्यात काही नव्हतं, निदान बोलून दाखवलेलं काही नव्हतं. पण माझ्या आठवड्याला गुरुवार होता, आणि बाकीचे दिवस त्याच्या अलीकडचे किंवा पलीकडचे असत.

दुपारी कौको आला. तो माझा शेजारी. लाकडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तरुणपणापासून आमची दोस्ती आहे. दर शनिवारी आम्ही सॉना, म्हणजे दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली, तापवतो, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे. माझ्या घरातली प्रत्येक विजेची वस्तू कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेली आहे.

"काय रे पुस्तकवाल्या, काय झालं?"

"हवा येत नाही."

"तुझ्यातून की गाडीतून?"

मी वाचनालयातून त्या गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक आणून ठेवलं होतं. ते उघडून दाखवायला लागलो तर म्हणाला, "तू पुस्तकात बघ, मी गाडीत बघतो. संध्याकाळी ताडून पाहू."

पण काम त्याने नीट केलं, किंवा मला तसं वाटलं. आधी फ्यूज काढून उजेडात धरला. फ्यूज शाबूत होता. मग काचेच्या खालचा हवेचा फिल्टर काढला. त्यात स्प्रूसच्या झाडाच्या सुया आणि कुजलेली पानं होती. "एवढ्याने हवा कमी होते, बंद नाही होत." मग बटण चौथ्या आकड्यावर ठेवून आतल्या आवाजाला कान लावला.

"रेझिस्टर गेला असता तरी चौथ्यावर पंखा फिरला असता," मी पुस्तकात वाचून म्हणालो. "तो फक्त खालच्या वेगांसाठी असतो."

"शाबास. तुला कारखान्यात घेतलं असतं. फरशी पुसायला."

मग तो पुढच्या सीटपाशी गुडघे टेकून डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या खाली शिरला. मी बाहेर उभा राहून टॉर्च धरला होता. मला त्याची पाठ आणि बुटांचे तळवे तेवढे दिसत होते.

"पुस्तकात लिहिलंय, आधी मोटरचा प्लग बघा," मी म्हणालो.

"बघितला."

"बसलाय नीट?"

"अरे बाबा, तो तर पहिल्यांदा बघितला. इथपर्यंत वीज येतेय. मोटर जळालीय." तो बाहेर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता गुडघ्यावरचा बर्फ झटकू लागला. "या मॉडेलची मोटर आता कुठे मिळायची! वसंतापर्यंत राहू दे. थंडी कमी झाली की काचेवर बर्फ धरणार नाही."

"वसंतापर्यंत?"

"मी नेईन की तुला. मला तरी दुसरं काय काम आहे?"

मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री मी त्याच्यासाठी मासा भाजून नेला.

पुढच्या गुरुवारी कौकोने मला नेलं. मला वाटलं, तो सोडून जाईल आणि नंतर घ्यायला येईल. पण तो बूट काढून आत आला, आर्मीच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला आणि पहिल्या वाक्यापासून तिला तू म्हणाला. "तुझ्या कॉफीला कोणी नावं ठेवत नाही, कारण इथे येणाऱ्याला तोंडच नाही." आर्मी इतकी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. सात वर्षांत ती माझ्यामुळे अशी हसली नव्हती. त्या दिवशी दोन प्रकरणं वाचायची होती, दोन पानं झाली. मधली मुलगी होडी घेऊन निघाली, आणि कौकोने त्याच्या आतेभावाची होडी उलटल्याची गोष्ट काढली. गोष्ट चांगली होती. मीही हसलो.

ऑक्टोबरात सॉनामध्ये त्याने मला विचारलं होतं, "तुझं त्या विणकामवालीवर काही आहे का?" मी म्हणालो होतो, "मी वाचून दाखवतो, बस्स." त्याने दगडांवर पाणी टाकलं आणि तो विषय तिथेच संपला होता.

आणखी एक गुरुवार तसाच गेला. मग कौको म्हणाला, "आर्मी म्हणते या आठवड्यात राहू दे, तिचं डोकं दुखतंय." नंतर म्हणाला, तिची बहीण आलीय. मग म्हणाला, "तीच सांगेल म्हणाली." तिने सांगितलं नाही. मी फोनपाशी जायचो आणि परत फिरायचो. कंटाळलेल्या माणसाला फोन करून काय विचारायचं? माझा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा येतो, हे तिने सांगितलेलंच होतं.

शेवटी मी एवढंच ठरवलं की निदान गाडी आपली हवी. म्हणजे दारापर्यंत जाता येईल, आणि नको असेल तर निमूट परतता येईल. मी भंगारवाल्याला फोन केला. "या मॉडेलची मोटर? तसल्या तीन पडल्यात. कुठली पाठवू?" तेव्हाही मला कौकोचा संशय आला नाही. वाटलं, त्याने विचारलं नसेल, आळस केला असेल.

शुक्रवारी पार्सल गावच्या दुकानात आलं. ते काउंटरवर ठेवता ठेवता दुकानातली राउनी म्हणाली, "बरं झालं, तुम्ही तरी आलात. तुमच्या मित्राने सगळे दालचिनीचे पाव नेले. दर गुरुवारी नेतो, शनिवारीही. आर्मीला आवडतात म्हणे."

"कालही नेले?"

"कालही. आफ्टरशेव्हचा वास तर असा, की मला दार उघडं ठेवावं लागलं. उणे अठरात!" ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मी पुस्तक सीटवर उघडं ठेवलं आणि कप्प्याचे स्क्रू काढायला बसलो. बोटं थंडीने वळत नव्हती. एक स्क्रू गालिच्याखाली गेला आणि तो शोधण्यातच बराच वेळ मोडला. आत शिरायला मी कौकोइतका बारीक नाही. शेवटी उताणा झोपलो, पाय अंगणात, डोकं डॅशबोर्डखाली, आणि टॉर्च दातांत धरला.

मोटर दिसली. तिचं तोंड उघडं होतं. तिच्यात बसायचा प्लग शेजारच्या लोखंडी पट्टीला काळ्या टेपने बांधून ठेवलेला होता.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, कारखान्यातूनच असा येत असेल. पुस्तकातलं चित्र पुन्हा पाहिलं. चित्रात प्लग मोटरमध्ये होता. मग मी टेपकडे पाहिलं. आमच्याकडे थंडीत टेप लावताना सगळेच तिचं टोक थोडं दुमडून ठेवतात, म्हणजे पुन्हा सोडताना हातमोजा न काढता पकडता येतं. पण कौकोच्या उजव्या अंगठ्याला नख नाही, ते करवतीत गेलं. म्हणून तो टोक दोनदा दुमडतो आणि लांब त्रिकोणी शेपटी सोडतो. अशा शेपट्या माझ्या घरात सगळीकडे आहेत. रेडिओच्या वायरला एक आहे, कॉफीच्या यंत्राला एक. ज्या दिव्याखाली मी रोज वाचतो, त्याच्या वायरला दोन आहेत. बायको गेली त्या वर्षी मी अंधारात बसलेला असायचो, तेव्हा त्याने न सांगता येऊन तो दिवा दुरुस्त केला होता.

प्लग लोंबकळत खडखडू नये म्हणून त्याने बांधून ठेवला होता. वायरला कुठे ओढ बसणार नाही अशा बेताने, अगदी नीट.

मी शेपटी ओढली. टेप एका झटक्यात सुटली. प्लग मोटरमध्ये दाबला, टक असा आवाज झाला. बटण फिरवलं. आधी धूळ आली, मग एक वाळकं पान जाळीवर येऊन फडफडत राहिलं, आणि मग हवा आली. मी सीटवर बसून ती तोंडावर घेत राहिलो. नवी मोटर शेजारी कागदात गुंडाळलेली पडली होती. पायाशी त्या मंगळवारी बदललेला सॉकेट होता. त्या दिवशी मी आत जाऊन त्याच्यासाठी कॉफी करत होतो.

त्या शनिवारी सॉनाची पाळी त्याच्याकडे होती. मी नेहमीसारखा टॉवेल घेऊन गेलो, फक्त चालत जायच्या ऐवजी गाडी नेली. त्याने खिडकीतून गाडी पाहिली असणार. तरी आम्ही कपडे काढले, वरच्या फळीवर बसलो, आणि पहिली वाफ नेहमीसारखी गप्पच घेतली.

"हवा यायला लागली," मी म्हणालो.

पाण्याचा डाव त्याच्या हातात तसाच राहिला. "आपोआप?"

"प्लग लावला."

त्याने पाणी टाकलं. दगड फुत्कारले. वाफ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"दोनदा आलो होतो तो परत लावायला," तो म्हणाला. "दोन्ही वेळा तू खिडकीत वाचत बसलेला."

"का केलंस?"

"तुला विचारलं होतं ना, काही आहे का म्हणून."

"मी नाही म्हणालो होतो."

"आणि तुझे कान लाल झाले होते. मला काय कळत नाही?"

"मग सरळ सांगायचंस. मी बाजूला झालो असतो."

"तेच तर!" त्याचा आवाज त्या छोट्या खोलीत एकदम मोठा झाला. "झाला असतास बाजूला. तोंडातून एक शब्द न काढता. आणि मग दर शनिवारी इथे माझ्या शेजारी बसून मला माफ करत राहिला असतास. ते मला झेपलं नसतं, ओस्मो. त्यापेक्षा गाडी बिघडलेली बरी. गाडीवर कोण रागावतं?"

"मी माझ्यावर रागावत होतो. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्याच हातून काहीतरी झालं."

त्याने डाव बादलीत ठेवला. "ते माहीत होतं मला," तो म्हणाला.

"आणि तिला काय सांगितलंस?"

"जाऊ दे ना."

"काय सांगितलंस?"

"की तुला आता कंटाळा येतो. डोळे दुखतात. आणि तिला तसं सांगायचा तुला संकोच वाटतो."

ते खोटं माझ्या मापाचं बेतलेलं होतं. मला इतकं नीट ओळखणाऱ्या माणसालाच ते सुचलं असतं, आणि मला ओळखणाऱ्या कोणाचाही त्यावर विश्वास बसला असता. मी उठलो. दगड अजून तापलेले होते. शेवटची वाफ न घेता आमच्यातलं कोणी कधी उठलेलं नाही.

"अरे, केस ओले आहेत!" तो मागून ओरडला. "टोपी तरी घाल, वेड्या!"

मी टोपी घातली. नसती घातली तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तळ्याकाठच्या रस्त्याने काच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. आर्मीच्या दाराशी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता, आणि आत दिवा होता. तिला दिव्याचा उपयोग नाही. तो येणाऱ्यासाठी लावलेला असतो. मी दार ढकललं.

"आज लवकर आलास, कौको," ती म्हणाली. "आणि बूट झटकले नाहीस."

"मी ओस्मो."

ती हात टेबलावर ठेवून उभी राहिली. टेबलावर दोन कप होते, आणि ताटलीत पाव. खिडकीशी आमची कादंबरी होती, मी शेवटच्या गुरुवारी तिथेच ठेवलेली. लाल-निळी पट्टी मी तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ठेवली होती. आता ती शेवटच्या पानातून बाहेर आली होती.

"मी कंटाळलो नव्हतो," मी म्हणालो. वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

"मग आला का नाहीत?"

"गाडी बिघडली नव्हती. प्लग काढून ठेवलेला होता."

"कोणी?"

मला ते नाव घेता आलं नाही. मग तिने हाताने चाचपून दुसरा कप शोधला आणि तो बशीत उलटा ठेवला.

"एक फोन करायचात," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुम्हालाच नको झालंय."

"आणि मला वाटलं, तुम्हाला. कंटाळलात तरी तुम्ही बोलला नसतात, हे मला माहीत होतं. म्हणून तर खरं वाटलं." ती खुर्चीत बसली. "त्याने पुस्तकाचं काय केलं सांगू? शेवटची दोन पानं वाचली आणि म्हणाला, मधली परत येते, झालं. बाकी सगळं समुद्राचं वर्णन आहे म्हणाला."

ते मला सॉनामध्ये ऐकलेल्या कशाहीपेक्षा जास्त लागलं. तीनशे पानं शिल्लक होती. मधली परत येते हे आर्मीला आधीच कळायला नको होतं, निदान असं नाही.

"गुरुवारी या," आर्मी म्हणाली. "जिथे राहिलं होतं तिथून वाचा. समुद्र सगळा वाचा."

"आणि तो?"

"त्याने काय केलं, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. बोलेन मी त्याला, चांगलं बोलेन." तिने पावाची ताटली बाजूला सारली. "पण तो येईल, ओस्मो. आला की घरात माणूस असल्यासारखं वाटतं. तुमच्यापासून मी हे लपवणार नाही."

"नका लपवू," मी म्हणालो. मग पट्टी काढली आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला परत ठेवली. ते पान मला न शोधता सापडलं. तिने कॉफी विचारली नाही आणि मी थांबलो नाही.

परतताना हवा चौथ्या आकड्यावर ठेवली होती. तितकी गरज नव्हती. तळ्याच्या टोकाला समोरून दिवे आले. तो रस्ता अरुंद आहे, बर्फात तर दोन गाड्या जेमतेम मावतात, म्हणून दोघंही हळू झालो. कौकोने दिवे खाली केले. त्याचे केस विंचरलेले दिसले. आमच्या भागात समोरून येणाऱ्याला स्टीअरिंगवरून एक बोट उचलून दाखवतात. माणूस अनोळखी असला तरी दाखवतात. त्याने बोट उचललं, आणि उचललेलंच ठेवलं.

माझं बोट उठलं नाही. मी ते धरून ठेवलं नव्हतं, ते नुसतं तिथेच राहिलं. पुढे गेल्यावर मला वाटलं, त्याला कदाचित दिसलं नसेल, किंवा उठलंही असेल आणि मलाच कळलं नसेल. पण काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ होती. त्याला दिसलंच असणार.